हावर्थिया (झेब्रा प्लांट): वारंवार विचारले जाणारे प्रश्न, पावसाळ्यासकट

खिडकीतल्या, बाल्कनीतल्या आणि ऑफिसच्या टेबलावरच्या हावर्थियाबद्दल लोक जे सारखं सारखं विचारतात ते सगळं इथे एका जागी लिहून ठेवतेय. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक असं आपलं हवामान डोळ्यापुढे ठेवूनच लिहिलंय, कारण नेटवरची बहुतेक माहिती थंड देशातल्या लोकांची असते आणि त्यातलं 'हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद करा' आपण इथे पाळलं की झाडाचा ऐन वाढीचा काळ उपाशी जातो. फार घाई असेल तर पावसाळ्याचा प्रश्न तेवढा वाचा, आपल्याकडे निम्म्याहून जास्त झाडं तिथेच जातात.

माझ्याकडे आहे ती हावर्थियाच आहे हे कसं ओळखायचं?

गडद हिरवी, टोकदार, जाड पानं, जमिनीलगत गोल रचलेली, आणि पानांवर पांढऱ्या खडबडीत आडव्या रेघा, असं असेल तर तेच झेब्रा प्लांट. बोट फिरवलं तर रेघा हाताला लागतात. नवशिके लोक याला बरेचदा छोटी कोरफड समजतात आणि ते अगदीच चूक नाही, दोन्ही एकाच कुळातल्या आहेत. पण कोरफडीच्या पानांच्या कडेला काटे असतात, झेब्राला नसतात, आणि हे झाड तळहाताएवढंच राहतं.

दुकानात 'फॅसिएटा' म्हणून दिली, नेटवर 'अ‍ॅटेन्युएटा' दिसतेय. नक्की कोणती?

जवळपास नक्की अ‍ॅटेन्युएटाच. पानाची आतली, म्हणजे वरची बाजू बघा. तिथेही पांढरे ठिपके असतील तर अ‍ॅटेन्युएटा, ती बाजू गुळगुळीत आणि फक्त पाठीमागे रेघा असतील तर फॅसिएटा. खरी फॅसिएटा बाजारात क्वचित येते. काळजी दोन्हींची सारखीच, त्यामुळे लेबलावरून दुकानदाराशी वाद घालू नका.

आणखी एक, २०१३ साली गॉर्डन रोली या वनस्पतीशास्त्रज्ञाने ही कडक पानांची मंडळी वेगळी काढून त्यांना 'हावर्थिऑप्सिस' हे नाव दिलं. म्हणून काही ठिकाणी तसं लिहिलेलं दिसेल. नर्सरीवाले आणि आपण सगळे अजून हावर्थियाच म्हणतो, मीही इथे तेच म्हणणार आहे.

ही मूळची कुठली?

दक्षिण आफ्रिकेतली, मुख्यतः ईस्टर्न केप आणि वेस्टर्न केप या प्रांतांतली. नाव एड्रियन हावर्थ या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञावरून १८०९ मध्ये दिलं गेलं. हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही पण एक गोष्ट ठेवा: तिथे ही झाडं उघड्या वाळवंटात वाढत नाहीत, झुडपांच्या सावलीत, दगडांच्या फटीत, गवताच्या आडोशाला वाढतात. सक्युलंट (पानांत पाणी साठवणारं झाड) म्हटलं की कडक ऊन हवंच, ही आपली समजूत इथे लागू होत नाही. आणि वाढ कधी होते तर हवा मध्यम असताना, फार तापलं की झाड थांबून बसतं. महाराष्ट्रात अशी मध्यम हवा म्हणजे ऑक्टोबर हीट ओसरल्यापासून ते होळीपर्यंत. म्हणजे आपला हिवाळा हा हिचा वाढीचा सीझन, एप्रिल-मे ही झोप, आणि पावसाळा हा जीव सांभाळायचा काळ. पाणी, खत, कुंडी बदलणं, पिल्लं (बुंध्याशी फुटणारी छोटी झाडं) काढणं, पुढचं सगळं यावरच आहे.

ऊन किती लागतं?

पूर्वेची खिडकी असेल तर प्रश्नच मिटला, सकाळचं दीड-दोन तास कोवळं ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड, हे सगळ्यात भारी. पश्चिमेची बाल्कनी असेल तर मार्च ते मे ग्रीन नेट किंवा पडदा लागणारच, दुपारी तीनचं ऊन थेट पडलं तर पानांवर पांढरट किंवा तपकिरी डाग येतात आणि ते डाग कधीच जात नाहीत, ती पानं जुनी होऊन गळतील तेव्हाच जातील. दक्षिणेच्या बाल्कनीत मजा अशी की उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो म्हणून ऊन आत कमी येतं आणि डिसेंबरमध्ये तिरकं होऊन खोलवर येतं. म्हणजे जिथे ऑक्टोबरपर्यंत सावली होती तिथेच अचानक चार तास ऊन सुरू होतं, तेव्हा कुंडी जरा मागे सरकवा.

उजेड कमी पडला तर झाड लगेच मरत नाही, पण पानं लांबुळकी, फिकट, पसरट व्हायला लागतात, मधला भाग वर ताणल्यासारखा दिसतो. तसं झालं की एकदम उन्हात नेऊन ठेवू नका, दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू उजेडाकडे सरकवा. ताणलेली पानं परत आखूड होणार नाहीत, नवीन येतील ती मात्र घट्ट येतील.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस मोजून घालूच नका, प्लीज. 'आठवड्यातून एकदा' हा सल्ला जानेवारीत पुण्यात टेराकोटाच्या कुंडीला बरोबर ठरेल आणि तोच जुलैत दादरला प्लॅस्टिकच्या कुंडीला जीवघेणा ठरेल. बांबूची काडी किंवा आईस्क्रीमची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर माती चिकटून आली तर आज पाणी नाही. कोरडी आली तरी हिवाळ्यात एक-दोन दिवस आणि इतर वेळी चार-पाच दिवस थांबा आणि मग घाला.

घालताना मात्र भरपूर घाला, खालच्या भोकातून पाणी वाहून येईपर्यंत. रोज चमचाभर पाणी घालणारे बरेच लोक आहेत, त्यांचं झाड दोन्ही बाजूंनी मरतं, वरचा थर कायम ओला आणि खालची मुळं कोरडी. स्प्रे बाटलीने फवारणं तर नकोच, मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं आणि तिथून कुज सुरू होते. चुकून साठलंच तर फुंकर मारून किंवा टिश्यूच्या टोकाने काढून घ्या.

वेळ संध्याकाळची चांगली, निदान मार्च ते मे तरी. ही झाडं पानांची छिद्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतात, कोरड्या प्रदेशात पाणी वाचवायची ही त्यांची पद्धत आहे. शिवाय दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी ओतलं तर ओल्या मुळांना उकाडा बसतो.

बोअरच्या जड पाण्याने पानांवर आणि कुंडीवर पांढरे डाग पडतात, झाड मरत नाही पण मातीत क्षार साठत जातात. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी नका घालू, त्यात क्षार अजूनच जास्त असतात. पावसाचं साठवलेलं किंवा एसीचं पाणी चालतं.

पावसाळ्यात काय करायचं? दरवर्षी जुलैत झाड जातंच.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर एका ओळीत होत नाही.

आधी काय होतं ते समजून घ्या. पाऊस थेट पडला नाही तरी मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कुंडीतली माती वाळतच नाही. तुम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घातलेलं पाणी जुलै उजाडला तरी आत असू शकतं. त्यात ऊन नाही, म्हणजे झाड पाणी वापरतही नाहीये. ओली, गरम, हवा न खेळणारी माती म्हणजे बुरशीचं घर. मुळं कुजतात, पण पानांत पाणी साठवलेलं असल्याने वरून झाड दोन-तीन आठवडे ठणठणीत दिसतं, आणि मग एक दिवस हात लावला की अख्खं झाड वर उचलून येतं. लोक म्हणतात 'काल तर छान होतं'. काल नव्हतं छान, मुळं आधीच गेलेली असतात.

म्हणून तयारी मेमध्येच करायची. मेच्या शेवटी कुंडी छपराखाली घ्या, म्हणजे खरंच छपराखाली, ग्रीन नेटमधून पाऊस गाळून येतो. वाऱ्याने झड येते त्या बाजूला नको. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका, मध्ये चार बोटं जागा सोडा, आणि कुंडीखालची बशी पूर्ण काढून टाका, कुंडी जाळीवर किंवा दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा लागेल. घरात असेल तर पंख्याखालची खोली बरी. हवा खेळती ठेवणं हे पावसाळ्यातलं सगळ्यात मोठं औषध आहे.

पाणी मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जून-जुलै-ऑगस्ट महिन्यातून एकदा आणि तेही आठ-दहा दिवस उघडीप मिळाली तरच, नाहीतर अजिबात नाही. पानं थोडी सुरकुतली तरी घाबरू नका, सुरकुतलेलं झाड परत येतं, कुजलेलं येत नाही. पुण्यात, नाशकात पाऊस असला तरी वारा असतो म्हणून दोन-तीन आठवड्यांनी थोडं चालतं. काडीची टेस्ट दर वेळी करायचीच.

जूनच्या सुरुवातीला बुरशीनाशक घालायचं असेल तर कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचं मिश्रण, जे 'साफ' नावाने कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते लिटरला दोन ग्रॅम घेऊन एकदा मातीत. हातमोजे घालून, मास्क लावून, लहान मुलांपासून लांब. पण माती चुकीची असेल आणि हवा लागत नसेल तर औषधाने काही वाचत नाही, हे लक्षात असू द्या.

माती कशी बनवायची?

नर्सरीतली लाल माती एकटी वापरू नका, ती भिजली की चिखल आणि वाळली की वीट. मी असं घेते: निम्म्याहून जास्त भाग खडे, म्हणजे परलाइट, प्युमिस, किंवा ते महाग वाटत असेल तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि चाळलेली जाड वाळू. विटांचा बारीक चुरा चाळून फेकायचा, तो गाळ होऊन भोकं बंद करतो. उरलेल्यात गांडूळखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). दमट गावांत कोकोपीट जवळजवळ नकोच, ते पाणी फार धरून ठेवतं, तिथे भाताचं जळकं तूस घाला, हलकं असतं आणि हवा खेळते. समुद्राची वाळू नको, खारी असते.

बरोबर झालंय का हे बघायला कुंडी भरून वरून ग्लासभर पाणी ओता. काही सेकंदांत खालून आलं पाहिजे. वर तळं साचलं तर अजून खडे घाला.

कुंडी कोणती?

भोक असलेली. बाकी सगळं नंतर. चिनीमातीचे गोड कप, काचेचे वाडगे, टेरॅरियम, यात ही झाडं दिसतात सुंदर पण पाणी जायला जागाच नाही, आणि 'खाली खडे घातलेत ना' याने काही होत नाही, पाणी त्या खड्यांत साचूनच राहतं. कप फारच आवडला असेल तर झाड प्लॅस्टिकच्या छोट्या कुंडीत लावा आणि ती कुंडी कपात ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा.

साइज तीन-चार इंच पुरे, झाडापेक्षा बोटभर रुंद. मोठ्या कुंडीत मोठी होईल असं वाटतं पण जास्तीची माती नुसती ओली राहते. मुंबईला टेराकोटा, नागपूरकडे उन्हाळ्यात प्लॅस्टिक किंवा ग्लेझ केलेली, कारण तिथे टेराकोटा एका दिवसात खणखणीत वाळतो.

रिटर्न गिफ्ट म्हणून मिळाली, वर पांढरे खडे चिकटवलेले आहेत. काढू का?

हो, आजच काढा. गोंदाने चिकटवलेले खडे असतील तर पाणी आत जात नाही आणि वाफ बाहेर येत नाही. कोमट पाण्यात कुंडी थोडी भिजवली की सुटतात, नाहीतर चिमट्याने सावकाश. काही झाडांना निळा-गुलाबी रंगही फासलेला असतो, त्याने पानाला उजेडच मिळत नाही. ओल्या कापसाने जितका निघेल तितका काढा आणि नवीन पानांची वाट बघा. झाडाला रंग फासून विकणं मला अजिबात पटत नाही, घेऊच नका म्हणजे बनवणंही थांबेल.

ऑनलाइन मागवली, माती न लावता नुसतं झाड आलं. मेलंय का?

नाही. कालिम्पाँगसारख्या डोंगरातल्या नर्सऱ्यांमधून झाडं अशीच कागदात गुंडाळून येतात, हावर्थिया आठवडाभर सहज तग धरते. आल्या आल्या पाण्यात बुडवू नका. वाळलेली, पोकळ मुळं कापा, एक-दोन दिवस सावलीत मोकळी ठेवा, मग कोरड्या मातीत लावा आणि चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी. महिनाभर उन्हात नको. थंड डोंगरातून थेट आपल्या मेमध्ये झाड आणणं त्याच्यावर अन्याय आहे, मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन घ्या, पुणे-सोलापूर रोडवर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या बाजूला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, हात लावून, बुंधा हलवून बघता येतं.

पानं लालसर, तपकिरी झालीत.

बहुतेक वेळा ऊन जास्त झालंय किंवा खूप दिवस पाणी नाही. झाड कडक असेल तर काही बिघडलेलं नाही, सावलीत घ्या, काही आठवड्यांत हिरवं होतं. लालसर आणि मऊ असेल तर मुळं तपासा.

पानं आत वळून बारीक झालीत, पाणी घालूनही फुगत नाहीत.

म्हणजे पाणी पिणारी मुळंच नाहीत. इथे बहुतेक लोक अजून पाणी घालतात आणि उरलंसुरलं कुजवतात. कुंडीतून काढून बघा. हावर्थिया जुनी मुळं अधूनमधून स्वतःच टाकून नवीन काढते, त्यामुळे थोडी तपकिरी वाळलेली मुळं दिसणं नॉर्मल आहे. पण एकही पांढरं, टणक मूळ नसेल तर झाड परत रुजवावं लागेल.

खालची पानं वाळतायत.

अगदी खालची एक-दोन, कागदासारखी, तर वयाने. ओढून काढा. टोकं वाळणंही किरकोळ, कोरड्या उन्हाळ्यात होतंच.

कुजायला लागलीय, वाचेल का?

मधला कोंब टणक असेल तर बऱ्याचदा वाचते. माती पूर्ण धुवा, मऊ, पिवळट, पाणचट पानं बुंध्यापासून काढा, काळी मुळं कापा. बुंध्यात तपकिरी भाग दिसला तर स्वच्छ ब्लेडने, स्पिरिटने पुसून, थोडं थोडं कापत जा, जोवर आतला भाग एकसारखा फिकट दिसत नाही. कापलेल्या जागी दालचिनी पावडर किंवा साफ. मग आठवडाभर पंख्याच्या हवेत कोरडं ठेवा, जखम सुकू द्या, आणि नुसत्या परलाइटवर किंवा विटांच्या तुकड्यांवर टेकवून ठेवा. मुळं यायला हिवाळ्यात तीन-चार आठवडे, पावसाळ्यात कितीही. रोज उचलून बघू नका.

कोंबच मऊ पडला असेल तर बाजूची पिल्लं शोधा, ती बहुतेकदा चांगली असतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काय आहे?

पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपून काढा, मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि लिक्विड सोपचे काही थेंब, संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत, आणि परत. तेल फवारल्यावर दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवू नका, पानं भाजतात. आजूबाजूला मुंग्या फिरत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या गोड चिकट द्रवासाठी या किडीला जपतात. मुळांवरही पांढरी पावडर दिसते का ते कुंडी बदलताना बघायचंच, तिथली कीड वरून कळत नाही आणि झाड नुसतं रुसल्यासारखं बसतं. तसं असेल तर सगळी माती फेका, मुळं धुवा.

मातीवर बारीक चिलटं उडतात.

माती ओली राहतेय. पाणी कमी करा, वर खड्यांचा थर द्या, जातात.

खत?

थोडंच. ऑक्टोबरच्या शेवटी आणि जानेवारीत, विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम. शेणखत ताजं नको. उन्हाळ्यात, पावसाळ्यात काहीच नको.

मधून लांब दांडी आलीय, कापू का?

ती फुलाची आहे, राहू द्या. बारीक तारेसारखी वाढते आणि टोकाला छोटी पांढरट, हिरव्या-तपकिरी रेघांची फुलं येतात. झाड फुलून मरत नाही, ती गोष्ट काही दुसऱ्या सक्युलंटची, सगळ्यांची नाही. झाड अशक्त असेल तर कापा. एकट्या झाडावर सहसा बी धरत नाही, परागासाठी दुसरं वेगळं झाड लागतं.

पिल्लं कधी वेगळी करायची?

आईच्या निम्म्याएवढी झाली आणि स्वतःची मुळं दिसली की, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. कुंडीतून काढून हाताने सोडवा, कापावं लागलं तर जखम तीन-चार दिवस सुकवा. घाई नसेल तर काढूच नका, झुबका भरगच्च झालेली कुंडी काय सुंदर दिसते.

एका पानापासून होते का, पानफुटीसारखी?

पानफुटीइतकी सहज नाही. पान पूर्ण, बुंध्याचा पांढरा भाग थोडा सोबत घेऊन निघालं पाहिजे, अर्धं तुटलेलं चालत नाही. आठवडाभर सुकवून खड्यांवर ठेवा. मुळं येतात, पिल्लू यायला कित्येक महिने, काही पानं नुसती मुळं काढून थांबतात. पिल्लं मिळत असतील तर तीच घ्या.

घरात मांजर आहे, चालेल?

चालेल, हावर्थिया मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. कोरफड, जेड आणि कलांचो मात्र त्यांच्यासाठी त्रासदायक आहेत, ती उंचावर ठेवा. युफोर्बियाचा पांढरा चीक आपल्याही डोळ्याला, त्वचेला वाईट, तो तर अजिबात खाली नको.

एसी ऑफिसात, खिडकीपासून लांब टेबल आहे.

वरच्या ट्यूबलाइटवर जगते, वाढत नाही. जवळ एखादा एलईडी टेबल लॅम्प दिवसाचे दहा-बारा तास लागत असेल तर बरं. नाहीतर दोन झाडं ठेवा आणि दर पंधरवड्याला अदलाबदल, एक घरच्या खिडकीत, एक टेबलावर. उत्साही सहकारी पाणी घालत असतील तर कुंडीवर चिठ्ठी लावा.

विदर्भात उन्हाळ्यात?

पंचेचाळीसपर्यंत पारा जातो तिथे झाड झोपणारच. उत्तरेच्या खिडकीत घरात आणा, कूलरची थेट झोत नको. पाणी पंधरा दिवसांनी थोडं, रात्री. नवीन पान येत नाही म्हणून खत देऊ नका.

आम्ही अमेरिकेत, थंडीच्या भागात राहतो.

तुमचं वेळापत्रक उलटं. बर्फाच्या महिन्यांत उजेड कमी म्हणून पाणी कमी, आणि कुंडी काचेला चिकटून नको, गोठण्याची थंडी हिला सहन होत नाही. वसंत आणि शरद हे तुमचे वाढीचे दिवस.

झेब्रा जमली, आता पुढे कोणती घेऊ?

लिमिफोलिया, तिची पानं आडव्या लाटांसारखी असतात आणि ती आपला उकाडा बरा सोसते. मग कूपरी, तिची पानं फुगीर आणि टोकाला काचेसारखी पारदर्शक. जंगलात ती बहुतेक जमिनीत बुडालेली असते, मुळं आकसून झाडाला खाली ओढून घेतात आणि फक्त टोकं वर राहतात, त्या पारदर्शक टोकातून उजेड आत जाऊन पानाच्या आतल्या हिरव्या पेशींपर्यंत पोचतो. उजेडाकडे धरून बघाच एकदा. पण कूपरी झेब्रापेक्षा नाजूक, पहिला पावसाळा झेब्रासोबत काढा, मग तिला आणा.

ट्रेकला गेल्यावर डोंगरात छोटी सक्युलंट दिसतात, आणू का?

नका आणू, कितीही छोटी असली तरी. सह्याद्रीत आपली स्वतःची सक्युलंट आहेत आणि त्यातली काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. शिंदळमाकुडी हे त्यातलं एक, शिवनेरीच्या कड्यावर वाढणारं, लालसर, चांदणीसारख्या फुलाचं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याचं शास्त्रीय नाव 'फ्रेरिया' पडलं आणि आज ते दुर्मीळ झालंय. तिकडे दक्षिण आफ्रिकेतही छोटी सक्युलंट रानातून उपटून चोरून विकण्याचा मोठा प्रश्न झालाय. फोटो काढा, जागा सोशल मीडियावर टाकू नका.

महिनाभर गावाला जातोय, शेजाऱ्यांना चावी देऊ का?

झाडासाठी नको. जायच्या तीन-चार दिवस आधी भरपूर पाणी घाला (पावसाळा असेल तर तेही नाही), उन्हातून काढून उजेडाच्या जागी ठेवा, खिडकीची फट उघडी राहील असं बघा. परत आल्यावर पानं थोडी आत वळलेली दिसतील, काडी खुपसून बघा आणि संध्याकाळी पाणी द्या.